सुट्या भागांतून मोटार : एका नवशिक्याची शाळा

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला मालाची पारख लवकर येते. डाळीचा दाणा तळहातावर घेतला की प्रत समजते, कापडाचा पोत चिमटीत कळतो, समोरचे गिऱ्हाईक घेणार की नुसतेच भाव विचारून जाणार हेही चेहऱ्यावरून उमगते. मात्र त्याच दुकानाचे शटर एखाद्या सकाळी अडकले, तर हाच हुशार मुलगा कारागीर येईपर्यंत फूटपाथवर ताटकळत उभा राहतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्याचे काम त्याने करावे, या तत्त्वावरच बाजारपेठ उभी आहे. तरीही वस्तू विकणारा हात आणि वस्तू बनविणारा हात यांच्यात एवढे अंतर पडावे का, असा प्रश्न कधी कधी मनात येतोच.

इंग्लंडमध्ये गेल्या सत्तर वर्षांपासून असा एक छंद रुजला आहे, ज्यात हे अंतर घराच्या गॅरेजमध्ये बसून कापले जाते. दिवसभर गल्ल्यावर, शाळेत किंवा कचेरीत बसणारी आणि आयुष्यात कधी पाना हाती न धरलेली माणसे सुट्या भागांची पेटी विकत आणतात आणि तिच्यातून स्वतःची मोटार उभी करतात. अशा मोटारीस तेथे ‘किट कार’ म्हणतात. सांगाडा, चाके, सुकाणू, ब्रेकच्या नळ्या, विजेच्या तारा, बाहेरचे पत्रे असे सारे वेगवेगळे येते आणि जोडणी मालकाने करावयाची असते. काही प्रकारांत इंजिन, गिअरबॉक्स वगैरे भाग एखादी जुनी मोटार सोडवून काढावे लागतात. या जुन्या मोटारीला ‘डोनर’, म्हणजे दान देणारी, असे सार्थ नाव आहे.

पडून राहिलेल्या मालातून उगम

या छंदाच्या इतिहासात कॉलिन चॅपमन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुढे शर्यतीच्या मोटारींसाठी जगप्रसिद्ध झालेल्या लोटस कंपनीचे हे संस्थापक. त्यांची सुरुवात मात्र व्यापाऱ्याला जवळची वाटावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकत होते आणि जोडीला जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत होते. धंदा बरा चालला होता. पण १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी मोटारींना मिळणारे पेट्रोलचे मूलभूत रेशन बंद केले आणि जुन्या मोटारींचा बाजार एकाएकी बसला. मिळविलेला सुमारे ५०० पौंडांचा नफा बुडाला. सगळा माल पडेल भावाने काढून टाकल्यावर एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी मागे राहिली. तिला गिऱ्हाईकच मिळेना.

पडून राहिलेल्या मालाचे काय करावे, हा प्रश्न कोणत्या व्यापाऱ्याला पडलेला नाही? चॅपमन यांनी ती मोटार सोडवली आणि हेझेल विल्यम्स या आपल्या मैत्रिणीच्या आई-वडिलांच्या घरामागील गॅरेजात तिच्यातून स्वतःच्या कल्पनेची नवी मोटार बांधली. १९४८ मध्ये तयार झालेली ही पहिली लोटस. १९५२ च्या आरंभी लोटस इंजिनिअरिंग ही संस्था सुरू झाली, तेव्हा त्यासाठी २५ पौंडांचे भांडवल हेझेल यांनीच उसने दिले होते. पुढे त्या चॅपमन यांच्या पत्नी झाल्या. कंपनीचा पहिला पत्ता हॉर्न्सी भागातील एका उपाहारगृहामागचे तबेले असा होता आणि ते उपाहारगृह चॅपमन यांचे वडील चालवीत. घरच्यांची जागा, घरच्यांचे भांडवल आणि स्वतःची मेहनत ही तिन्ही अंगे आपल्याकडील कोणत्याही जुन्या पेढीच्या इतिहासात सापडतील.

लोटसने आपल्या मोटारी सुट्या भागांच्या रूपात विकण्यास प्रारंभ केला, त्यामागे कराचे गणित होते. ब्रिटनमध्ये १९४० पासून खरेदी कर लागू होता. तो तयार मोटारीवर भरावा लागे. सुटे भाग विकत घेऊन स्वतः जोडणाऱ्याला तो पडत नसे. १९५७ च्या लंडनमधील अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोटस सेव्हन ही छोटी, उघडी, दोन आसनांची मोटार आली, तेव्हा तयार गाडीची करासह किंमत १,०३६ पौंड होती, तर सुट्या भागांची ५३६ पौंड. म्हणजे ज्याच्या मनगटात थोडे बळ आणि घरी थोडी जागा होती, त्याला मोटार जवळजवळ अर्ध्या पैशात पडे. तिचे वजन जेमतेम ३३० किलोच्या आसपास होते, त्यामुळे लहानशा इंजिनावरही ती चपळ धावे.

या कराच्या नियमाची एक गंमत अजूनही सांगितली जाते. सुट्या भागांसोबत जोडणीची पुस्तिका दिली तर सवलत जाते, अशी अट होती म्हणे. तेव्हा विक्रेत्यांनी मोटार सोडवायची कशी याची पुस्तिका दिली आणि ती शेवटच्या पानापासून उलट वाचायचे काम गिऱ्हाइकाकडे सोपविले! कायद्याचे अक्षर पाळून वाट काढणारी ही बुद्धी कोणत्याही बाजारपेठेत ओळखीचीच वाटेल.

१ एप्रिल १९७३ पासून ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला, खरेदी कर गेला आणि त्याबरोबर ही सवलतही संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क ग्रॅहम निअर्न यांच्या केटरहॅम कार्स या विक्रेत्या कंपनीला दिले. कराचा फायदा गेला म्हणजे छंदही संपेल, असे हिशेबी माणसाला वाटेल. तसे झाले नाही. केटरहॅम ती मोटार आजही बनविते आणि आजही सुट्या भागांत विकते. पैसा वाचविण्यासाठी सुरू झालेल्या गोष्टीत लोकांना दुसरेच काही गवसले होते.

ते काय होते, याची कल्पना १९९६ मधील एका पुस्तकावरून येते. शालेय शिक्षक रॉन चॅम्पियन यांनी ‘अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा’ अशा आशयाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी नावाजलेल्या हेन्स प्रकाशनाने ते छापले. चौकोनी पोलादी नळ्या कापून सेव्हनसारखा सांगाडा कसा जोडावा आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग त्यात कसे बसवावेत, हे त्यांनी मापांसह सांगितले. अडीचशे पौंडांत प्रत्येकाची गाडी झाली असे मुळीच नाही. पण अशा स्वस्त घरगुती मोटारींना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडले आणि त्यांच्या स्वतंत्र शर्यतीही भरू लागल्या.

एका घराचे चित्र

आता वाचकांनी एक काल्पनिक घर डोळ्यांसमोर आणावे. कुटुंब मूळचे सांगलीचे, सध्या लंडनच्या उपनगरात राहणारे. गृहस्थ पंचेचाळीस वर्षांचे, व्यवसायाने हिशेब तपासनीस. घरात पत्नी आणि पंधरा वर्षांची मुलगी. आजवर त्यांनी मोटारीचे बॉनेट उघडले ते काचेवर फवारायचे पाणी भरण्यापुरते. अशा माणसाने सुट्या भागांतून मोटार बांधायचे मनावर घेतले, तर त्याच्या वाट्याला काय काय येईल?

पहिला प्रश्न पैशाचा, आणि तेथे हिशेब तपासनिसाचा हात इतरांपेक्षा बरा चालेल. किटची छापील किंमत ही दुकानाच्या पाटीसारखी असते; खरा खर्च आत गेल्यावर कळतो. टायर, रंग, आसने, बॅटरी, तेले, हत्यारे, वाहतूक, विमा आणि सरकारी तपासणीचे शुल्क यांची यादी प्रथम कागदावर मांडावी लागते. पुष्कळ विक्रेते किट टप्प्याटप्प्याने देतात. आधी सांगाडा, मग चाकांची जोडणी, मग पुढचे. यामुळे भांडवल एकदम अडकत नाही. सगळे झाल्यावर गाडी विकायची ठरविली, तर घातलेला पैसा पुरता वसूल होईलच अशी खात्री नसते, आणि स्वतःच्या श्रमांचा मोबदला तर धरूच नये. व्यापारी भाषेत बोलायचे, तर हा व्यवहार नफ्याच्या खात्यात बसत नाही. तो मुलांच्या शिक्षणाच्या किंवा तीर्थयात्रेच्या खर्चाप्रमाणे वेगळ्या पानावरच मांडावा लागतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. सर्व भाग नवे आणि तयार असलेले किट शंभर तासांच्या आसपास जोडून होते, असे सांगितले जाते. जुन्या मोटारीचे भाग सोडवून, घासून, रंगवून वापरायचे असतील, तर तास कित्येक पटींनी वाढतात. समजा चारशे तास लागणार आहेत आणि कामाचा माणूस आठवड्याला आठ तास काढू शकतो, तर पन्नास आठवडे, म्हणजे एक वर्ष झाले. त्यात आजारपण, लग्नकार्ये, मार्चअखेर, मुलीची परीक्षा हे सगळे धरले की दोन वर्षे सहज जातात. हा हिशेब न मांडता उत्साहाने घेतलेली कित्येक किटे अर्धवट अवस्थेत विकायला निघतात. ‘वेळेअभावी विकणे आहे’ या जाहिरातीतील तीन शब्दांमागे एखाद्या घरातील बराच अबोला दडलेला असतो. म्हणून जाणकार सांगतात की, पहिला पाना उचलण्यापूर्वी घरातील माणसांशी बोलावे. गॅरेज दोन वर्षे अडणार आहे, रविवारची सकाळ जाणार आहे, हे त्यांना आधी ठाऊक असावे.

आमच्या या गृहस्थांनी पत्नीपुढे वही ठेवली. तिने दोन्ही पाने शांतपणे वाचली आणि एकच अट घातली. “काम एकट्याने करायचे नाही. हिलाही बरोबर घ्या.” अशा रीतीने पंधरा वर्षांची मुलगी या उद्योगात भागीदार झाली.

पाना शिकवितो ते धडे

पेट्या आल्यावर पहिले काम जोडणीचे नसतेच. यादी हाती घेऊन प्रत्येक नट, बोल्ट आणि वायसर मोजून घ्यायचा असतो. मालाची आवक बिलाशी पडताळणे हे तर दुकानदारीचे बाळकडू. जे आले नाही ते त्याच आठवड्यात विक्रेत्याला कळवावे लागते, नाही तर सहा महिन्यांनी काम अडते तेव्हा कुणाकडे बोट दाखवायचे? जुनी मोटार सोडवायची असेल, तर प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यायचे, भाग पिशवीत घालून त्यावर ‘पुढचा, डावा’ अशी चिठ्ठी लावायची. हे नक्की लक्षात राहील, असे काढताना ज्याच्याबद्दल वाटते, तेच जोडताना आठवत नाही.

हत्यारांत सर्वांत महत्त्वाचा असतो टॉर्क पाना. बोल्ट किती घट्ट आवळायचा याचे माप निर्मात्याने दिलेले असते. ते माप या पान्यावर लावले की तेवढा जोर पडताच तो ‘टक्’ असा आवाज देतो. नवशिक्याला वाटते, जितके घट्ट तितके चांगले. प्रत्यक्षात अति आवळलेला बोल्ट ताणला जातो, त्याचे आटे जातात आणि तो तुटण्याच्या बेतात येतो. सैल राहिलेला बोल्ट धक्क्यांनी सुटत जातो. दोन्हींच्या मधली जागा अंगबळावर सापडत नाही, ती मापानेच सापडते. आतल्या बाजूस नायलॉनचे कडे असलेले, आपोआप न सुटणारे नट सुरक्षेच्या जागी एकदा काढले की पुन्हा वापरीत नाहीत. दोन पैशांचा नट वाचविण्याची सवय येथे सोडावी लागते.

चाकांना सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांमध्ये रबराचे बुश असतात. सांगाडा स्टँडवर उभा असताना, चाके लोंबकळत असताना हे बोल्ट पुरते आवळून टाकणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. पुढे गाडी जमिनीवर आली, भार पडला आणि दांड्यांचा कोन बदलला की ते रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. म्हणून हे बोल्ट आधी हलके लावायचे आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच मापाने आवळायचे. आमच्या गृहस्थांनी ही चूक केली आणि एका रविवारचे सारे काम पुढच्या रविवारी परत सोडले. मुलीने विचारले, “बाबा, आपण पुस्तिका नीट वाचली नव्हती का?” वाचली होती, पण ज्याचे कारण कळलेले नसते, ते वाक्य डोळ्यांखालून नुसते निघून जाते.

ब्रेकचे काम याहून गंभीर. पायाखालची पट्टी दाबली की नळ्यांतील तेल तो दाब चारही चाकांपर्यंत पोहोचविते. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ही हवा काढण्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने चाकाजवळची बारीक तोटी क्षणभर उघडून हवा आणि तेल बाहेर सोडायचे, तोटी बंद केल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. “दाब”, “धर”, “सोड” या तीन शब्दांवर बाप-लेकीची एक अख्खी संध्याकाळ गेली. ब्रेकचे हे तेल हवेतील ओल शोषते, त्यामुळे उघड्या डब्यातले जुने तेल वापरायचे नाही. रंगावर सांडले तर रंगही सोलून काढते.

विजेच्या तारांचे भेंडोळे पाहून कुणाचाही धीर सुटेल. मात्र प्रत्येक तारेचा रंग ठरलेला असतो आणि एकेक मंडल स्वतंत्रपणे तपासले की गुंता उलगडत जातो. दिवा लागत नसेल तर पहिला संशय दिव्यावर घेऊ नये. सांगाड्याला जेथे तार जोडली आहे, तेथे खालचा रंग नीट खरवडला आहे का, हे आधी पाहावे. रंगाच्या पातळ थरामुळे वीज परतीची वाट हरवते आणि माणूस दोन दिवस भलतीकडेच शोधत बसतो.

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याचा दिवस हा या सर्व काळातला सणाचा दिवस. तेव्हाही घाई चालत नाही. आधी ठिणगीचे प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून इंजिन नुसते फिरवायचे, म्हणजे तेलाचा दाब सगळीकडे पोहोचतो. मग प्लग लावून, अग्निशामक जवळ ठेवून किल्ली फिरवायची. आमच्या घरी तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन बोलले. शेजारच्या वृद्ध इंग्रज बाईंनी कुंपणापलीकडून टाळ्या वाजविल्या, आणि आतून आलेल्या पत्नीने, गॅरेजमध्ये अडगळ झाली म्हणून दीड वर्ष ऐकविले होते ते सारे विसरून, चाकांवर हळद-कुंकू लावले.

परीक्षा आणि परीक्षेपूर्वीची रात्र

घरी बांधलेली मोटार ब्रिटनमध्ये थेट रस्त्यावर आणता येत नाही. १९९८ पासून अशा गाड्यांची एकेकट्याने तपासणी होऊ लागली आणि २००९ मध्ये आजची ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’, म्हणजे एका वाहनाची स्वतंत्र मान्यता, ही पद्धत आली. सरकारी तपासनीस ब्रेक, दिवे, आरसे, आसनांचे पट्टे, धूर, आवाज, वेगमापकाची अचूकता हे सारे पाहतो. बाहेरच्या किंवा आतल्या भागाची धार अंगाला लागू शकेल, तर तीही त्याला चालत नाही. पत्र्याच्या उघड्या कडेला ठरावीक गोलाई लागते, बोल्टच्या टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवाव्या लागतात. पहिल्या खेपेस काही त्रुटी निघणे हे नवल नव्हे. त्या दुरुस्त करून पुन्हा जाता येते. नोंदणीच्या वेळी भागांची बिले आणि बांधकामाची छायाचित्रे हाताशी असावी लागतात. जुन्या-नव्या भागांतून झालेल्या ज्या गाडीचे वय ठरविता येत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. पावत्या जपून ठेवण्याची सवय असलेल्या आमच्या गृहस्थांची फाईल तारखेवार लावलेली होती.

तपासणीच्या आदल्या रात्री मुलगी विजेरी घेऊन गाडीभोवती शेवटची फेरी मारीत होती. या दोघांनी एक नियम केला होता. टॉर्क पान्याने मापात आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची आणि वहीत त्याच्यापुढे खूण करायची. ती वही चाळताना थांबली. “बाबा, माझ्या सीटच्या पट्ट्याचा आतला बोल्ट. वहीत खूण नाही.”

तो बोल्ट आता दिसतही नव्हता. त्यावर आसन बसले होते आणि गालिचा गोंदाने चिकटविलेला होता. गृहस्थांनी आठवून पाहिले. बोल्ट हाताने फिरवून बसविलेला आठवत होता, पाना घेतलेलाही आठवत होता; मधेच गावाहून आईचा फोन आल्याचेही आठवत होते. टॉर्क पान्याचा ‘टक्’ आवाज मात्र आठवत नव्हता. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सकाळी सातला निघायचे होते. तपासनीस चिकटविलेला गालिचा फाडून पाहणार नव्हता. बोल्ट बहुधा घट्टच होता.

हिशेबाची जुनी पेढी आठवावी. दिवसअखेर रोकड जुळत नसेल, फरक चार आण्यांचा असेल, तर चार आणे खिशातून टाकून कुलूप लावणारा मुनीम मालकाला चालत नसे. प्रश्न चार आण्यांचा नसतो, ते कुठे गेले हे ठाऊक नसण्याचा असतो. गृहस्थांनी आसन काढले. गालिचा सोलताना एका कोपऱ्यात फाटला. बोल्टवर पाना लावला, जोर दिला, आणि तत्काळ ‘टक्’ झाले. बोल्ट मापात घट्ट होता.

आसन परत बसेपर्यंत पावणेबारा झाले. फाटलेला कोपरा आजही त्या गाडीत दिसतो आणि त्याच्याखाली पांढरी रेघ आहे. त्या दोन तासांत काही मिळविले का, असे विचारले तर वहीत दाखविण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीत गाडी आरशाच्या एका कडेवरून अडली, आठवड्याने पास झाली. पण पहिल्यांदा रस्त्यावर निघताना मुलीने पट्टा लावला, तेव्हा तो कशाला बांधलेला आहे हे तिला आणि तिच्या वडिलांना निश्चित माहीत होते.

आपल्याकडे काय?

हे घर कल्पनेतले असले तरी त्यातील प्रत्येक चूक आणि प्रत्येक काम खऱ्या गॅरेजांतले आहे. साहजिकच वाचकांच्या मनात येईल की, हे सारे इकडे करता येईल का? सरळ उत्तर असे की, घरी बांधलेली मोटार भारतात रस्त्यावर आणणे फार अवघड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक निर्मात्याला आपल्या वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकी एक. एकट्या हौशी माणसाला हा मार्ग परवडणारा नाही. चालू वाहनात मनाप्रमाणे मूलभूत बदल करण्यासही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मज्जाव आहे. रस्त्यावर आपल्याखेरीज इतरही चालतात, हे ध्यानी घेता या नियमांना अकारण दोष देऊ नये.

तरी मोटार बांधण्याची ऊर्मी या मातीत नाही असे कोण म्हणेल? इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडविली आणि पुढे अनेक वर्षे तिचे सुधारलेले नमुने केले. ती बाजारात येऊ शकली नाही, पण दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या मंडळींना तिचे नाव आठवत असेल. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीची उघडी मोटार येथे बनवून दाखविली. तिला हिंदुस्थान मोटर्सचे १.८ लिटरचे इसुझू इंजिन होते. आणि २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातील भागांतून, दुचाकीप्रमाणे पायाने सुरू होणारी छोटी जीप बांधली, ती तर साऱ्या देशाने पाहिली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या थांबविली जाईल हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या आरंभी ती कारागिराच्या दारी आलीसुद्धा. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी ‘बाहा एसएईइंडिया’ ही स्पर्धा २००७ पासून होते. तीत विद्यार्थी स्वतः गाडी आखतात, बांधतात आणि खडबडीत मार्गावर चालवून दाखवितात. घरातील मुलगा किंवा मुलगी अशा चमूत जाऊ पाहत असेल, तर ‘यात मार्क किती?’ असे विचारून तिचा हिरमोड करू नये.

आणि ज्यांना एवढे दूर जायचे नाही, त्यांच्या परसात, जिन्याखाली किंवा गोदामाच्या कोपऱ्यात एखादी जुनी बजाज स्कूटर बहुधा उभी असेलच. विकायची म्हटले तर भंगाराचा भाव येतो आणि आजोबांची म्हणून विकवतही नाही. एखाद्या सुटीच्या दिवशी जमिनीवर वर्तमानपत्र पसरावे, पेट्रोल काढून टाकावे, मुलांना बोलवावे आणि कार्ब्युरेटर उघडावा. ज्या क्रमाने भाग निघतील त्याच क्रमाने ते कागदावर ओळीने मांडावेत आणि प्रत्येकाची नोंद वहीत करावी. ती लिहिण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे द्यावे.